समाजवादाच्या घरातून निघालेला वैरी

इटलीच्या उत्तर भागात, आड्रियाटिक समुद्राला लागून रोमान्या नावाचा प्रांत आहे. सपाट, पाणथळ मुलूख. एकोणिसाव्या शतकात इथली जमीन थोड्यांच्या हातात होती आणि हंगामापुरते काम मिळणारे भूमिहीन मजूर गावोगाव होते. 1883 साली या प्रांतात दोन घटना घडल्या. रावेना शहरात नुल्लो बाल्दिनी या तरुण समाजवादी कार्यकर्त्याने सोबत्यांना घेऊन शेतमजुरांची सहकारी संस्था काढली. मुकादम आणि ठेकेदार यांना बाजूला सारून मजुरांनी स्वतःच कामे घ्यायची, अशी ती कल्पना होती. दुसऱ्याच वर्षी या संस्थेचे शेकडो मजूर रोमजवळच्या ओस्तियाला गेले आणि हिवतापाला तोंड देत त्यांनी तिथली दलदल हटवली.

त्याच 1883 सालच्या 29 जुलैला, प्रेदाप्पिओ गावाजवळ अलेस्सांद्रो मुसोलिनी नावाच्या लोहाराच्या घरी मुलगा झाला. हा लोहारही कट्टर समाजवादी. मेक्सिकोचा क्रांतिकारक नेता बेनितो हुआरेस याच्यावरून त्याने मुलाचे नाव बेनितो ठेवले. पुढची दोन नावे दिली अमिल्कारे आणि आंद्रेआ, तीही इटलीतल्या दोन डाव्या पुढाऱ्यांची.

एकोणचाळीस वर्षांनी, 1922 च्या जुलैमध्ये, या मुलाच्या अनुयायांनी रावेनातील सहकारी संस्थांच्या महासंघाची इमारत जाळली. टोळीचा म्होरक्या इतालो बाल्बो याने त्या रात्रीची हकिगत आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली आहे. बाल्दिनी आणि त्याच्या सोबत्यांनी उभ्या आयुष्यात उभारलेले काम एका रात्रीत राख झाले.

फॅसिझम आणि समाजवाद यांचे नाते काय, या प्रश्नाला दोन तयार उत्तरे मिळतात. एक म्हणते, दोघे सख्खे भाऊ. दोघांनाही सर्वशक्तिमान सरकार हवे असते. दुसरे म्हणते, दोघांचा काडीचाही संबंध नाही. फॅसिझम म्हणजे भांडवलदारांनी पोसलेली लाठी. दोन्ही उत्तरांना इतिहासात थोडाथोडा आधार सापडतो, म्हणूनच ती टिकून आहेत. पण लोहाराचा मुलगा त्या आगीपर्यंत कसा पोहोचला हे पाहिले, की दोन्ही अपुरी ठरतात.

संपादक मुसोलिनी

तरुण मुसोलिनी शाळामास्तर होता. 1902 मध्ये तो स्वित्झर्लंडला गेला, तिथे अंगमेहनतीची कामे केली, मार्क्स वाचला, सभा गाजवल्या. 1911 मध्ये इटलीने लिबियावर स्वारी केली तेव्हा त्याने युद्धाला विरोध केला आणि तुरुंगात गेला. 1912 च्या जुलैमध्ये रेज्जो एमिलियाला समाजवादी पक्षाचे अधिवेशन भरले. खुनी हल्ल्यातून वाचलेल्या राजाचे काही समाजवादी खासदारांनी राजवाड्यावर जाऊन अभिनंदन केले होते. अशांना पक्षात जागा नाही, असे मुसोलिनीने ठणकावले आणि त्यांची हकालपट्टी करवली. त्याच वर्षाच्या अखेरीस, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, तो पक्षाच्या ‘अवांती!’ या दैनिकाचा संपादक झाला. त्याच्या तिखट लेखणीने अंकाचा खप झपाट्याने वाढला.

1914 च्या उन्हाळ्यात महायुद्ध पेटले. जर्मनी आणि फ्रान्समधल्या समाजवादी पक्षांनी आपापल्या सरकारांच्या युद्धखर्चाला मते दिली. इटालियन पक्ष मात्र तटस्थतेवर ठाम राहिला. ऑक्टोबरमध्ये मुसोलिनीने ‘अवांती!’तच निव्वळ तटस्थतेविरुद्ध लेख लिहिला आणि त्याला संपादकपद सोडावे लागले. 15 नोव्हेंबरला त्याने स्वतःचे दैनिक काढले, ‘इल पोपोलो दितालिया’. त्याच महिन्यात मिलानच्या वादळी सभेत पक्षाने त्याला काढून टाकले.

नव्या दैनिकाला पैसा कुठून आला? इटलीने युद्धात उतरावे असे ज्यांना वाटत होते अशा उद्योगपतींकडून आणि फ्रान्सकडून. पुढे 1917 मध्ये ब्रिटिश गुप्तचर खातेही त्याला आठवड्याला 100 पौंड देत होते. पण या दैनिकाच्या नावाखालची ओळ काय होती? ‘समाजवादी दैनिक’. पक्षाने काढून टाकल्यानंतरही जवळजवळ चार वर्षे ती ओळ कायम होती. 1918 च्या ऑगस्टमध्ये ती हटली आणि तिथे ‘सैनिकांचे आणि उत्पादकांचे दैनिक’ अशी ओळ आली. उत्पादकांमध्ये मजूरही आले आणि कारखानदारही. वर्गसंघर्षाचा विचार त्या एका बदलाने बाहेर गेला.

वर्गाच्या जागी राष्ट्र

ही एका माणसाची पैशासाठी मारलेली पलटी होती, असे म्हणून मोकळे होता येत नाही. त्याच्यासोबत डाव्या चळवळीतली बरीच मंडळी त्या वाटेने गेली, आणि त्या वाटेची वैचारिक आखणी आधीच झाली होती.

समाजवादात तेव्हा अनेक प्रवाह होते. फिलिप्पो तुराती यांच्यासारखे सुधारणावादी निवडणुका, कायदे आणि सहकारी संस्था यांच्या मार्गाने समता आणू पाहत होते. क्रांतिवाद्यांना भांडवलशाही उलथून टाकायची होती. तिसरा गट सिंडिकलवाद्यांचा. त्यांचा भर संसदेवर नव्हता, कामगार संघटनांच्या थेट कृतीवर होता. फ्रेंच विचारवंत जॉर्ज सोरेल हा त्यांचा गुरू. माणसे हिशेबाने पेटून उठत नाहीत, एखाद्या भव्य कल्पनेने उठतात. सार्वत्रिक संप ही तशी कल्पना आहे आणि हिंसा माणसाला झोपेतून जागे करते, अशी त्याची मांडणी होती.

सार्वत्रिक संपाने कामगार उठला नाही. युद्धाच्या हाकेने मात्र जमाव रस्त्यावर आले. तेव्हा सेर्जिओ पानुन्झिओ, एदमोंदो रोस्सोनी यांच्यासारख्या सिंडिकलवाद्यांनी निष्कर्ष काढला की माणसांना पेटवणारी ती कल्पना राष्ट्र हीच आहे. राष्ट्रवादी लेखक एन्रिको कोर्रादिनी तर हे आधीपासून सांगतच होता. त्याच्या मते इटली हेच एक श्रमजीवी राष्ट्र होते आणि इंग्लंड-फ्रान्स ही धनिक राष्ट्रे. खरा संघर्ष मजूर आणि मालक यांच्यात नसून गरीब आणि श्रीमंत राष्ट्रांत आहे.

समाजवादाची क्रांतीची भाषा, शिस्तबद्ध पक्ष, मोर्चे, गाणी, झुंजार वृत्तपत्र, जुन्या व्यवस्थेविषयीचा संताप, हे सगळे फॅसिझमने उचलले. समतेचा आग्रह, सर्व देशांच्या कामगारांचा बंधुभाव आणि मालकीविषयीचा प्रश्न मात्र त्याने टाकून दिला. इस्रायली इतिहासकार झेव्ह श्टर्नहेल यांनी फॅसिझमच्या जन्मात डाव्या विचारांच्या या फुटीचा वाटा किती मोठा होता हे सविस्तर दाखवले आहे. तो नाकारण्याचे कारण नाही. पण ज्या तत्त्वांमुळे समाजवाद समाजवाद ठरतो, नेमकी तीच इथे गळून पडली.

जाहीरनामा आणि कारभार

23 मार्च 1919 रोजी मिलानच्या सान सेपोल्क्रो चौकातील एका सभागृहात फॅसिस्ट चळवळीची स्थापना झाली. जूनमध्ये तिचा जाहीरनामा आला. आठ तासांचा दिवस, किमान वेतन, स्त्रियांना मताधिकार, कारखान्याच्या तांत्रिक व्यवस्थापनात कामगारांचे प्रतिनिधी, भांडवलावर चढता कर आणि युद्धकाळातल्या नफ्यातला 85 टक्के हिस्सा जप्त. कागदावर पाहिले तर हा डावा कार्यक्रम होता. पण तो छापून येण्याआधीच, एप्रिलमध्ये, फॅसिस्टांनी मिलानमधल्या ‘अवांती!’च्या कचेरीला आग लावली होती. ज्या दैनिकाचा मुसोलिनी पाच वर्षांपूर्वीपर्यंत संपादक होता, तेच हे दैनिक.

नोव्हेंबरच्या निवडणुकीत समाजवाद्यांना 156 जागा मिळाल्या, फॅसिस्टांना एकही नाही. खुद्द मिलानमध्ये त्यांना पाच हजार मतेसुद्धा पडली नाहीत. डाव्या कार्यक्रमाला मतदार होते. त्यांनी तो डाव्या पक्षाकडूनच घेतला.

फॅसिझमला बळ मिळाले ते पुढच्या वर्षी. 1920 च्या सप्टेंबरमध्ये उत्तर इटलीतील कामगारांनी शेकडो कारखाने ताब्यात घेतले. पो नदीच्या खोऱ्यात शेतमजुरांच्या संघटना मजुरीचे दर ठरवून घेत होत्या. मालकवर्ग धास्तावला. तेव्हा काळे सदरे घातलेल्या फॅसिस्टांच्या टोळ्या ट्रकमधून गावागावांत येऊ लागल्या. जमीनदार त्यांना पैसा आणि वाहने पुरवत, पोलीस बहुधा डोळेझाक करत. संघटनेच्या पुढाऱ्याला रात्री घरातून ओढून काढायचे, दांडक्यांनी मारायचे, एरंडेल तेल पाजायचे आणि कचेरी पेटवून द्यायची, ही त्यांची पद्धत. फॅसिझमचा इतिहास लिहिणारे आंजेलो तास्का यांनी दिलेल्या आकडेवारीनुसार 1921 च्या पहिल्या सहा महिन्यांतच 119 कामगार केंद्रे, 107 सहकारी संस्था आणि 83 शेतकरी-शेतमजूर संघटना उद्ध्वस्त झाल्या.

1922 च्या ऑक्टोबरअखेर राजाने मुसोलिनीला पंतप्रधानपद देऊ केले. दहा वर्षांपूर्वी ज्याचे अभिनंदन केल्याबद्दल त्याने सोबत्यांना पक्षाबाहेर घालवले, तोच हा राजा, तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल. सत्ता हाती आल्यावर अर्थमंत्री आल्बेर्तो दे स्तेफानी यांनी आयुर्विम्यातील सरकारी मक्तेदारी संपवली, टेलिफोन खासगी कंपन्यांकडे सोपवले आणि कुटुंबातल्या वारसा हक्कावरचा कर उठवला. 1923 मध्ये मे दिन रद्द होऊन त्याऐवजी रोमच्या स्थापनेचा दिवस साजरा होऊ लागला. 1926 च्या कायद्याने संपावर बंदी आली. नावापुरती टाळेबंदीवरही आली. हा कायदा लिहिणारा आल्फ्रेदो रोक्को समाजवादी परंपरेतला नव्हता, राष्ट्रवादी गोटातून आलेला कायदेपंडित होता. फॅसिस्ट युनियन सोडून बाकी युनियनांना करार करण्याचा हक्क उरला नाही. 1927 मध्ये मजुरीत मोठी कपात झाली, 1930 मध्ये पुन्हा झाली, आणि तिच्याविरुद्ध संप करण्याची सोय नव्हती.

मात्तेओत्तींचे भाषण

कागदावरच्या तुलनेपेक्षा 30 मे 1924 चा दिवस पाहिला तर हे नाते अधिक स्पष्ट होते. जाकोमो मात्तेओत्ती हे सुधारणावादी समाजवादी पक्षाचे सचिव. घरची जमीनजुमल्याची श्रीमंती असूनही पो खोऱ्यातल्या मजुरांची बाजू घेऊन उभा राहिलेला हा माणूस. त्या दिवशी ते संसदेत उभे राहिले आणि एप्रिलच्या निवडणुकीतील दमदाटी, मारहाण आणि गैरप्रकार एकेक करून सांगू लागले. समोरच्या बाकांवरून आरडाओरडा, शिव्या, धमक्या सुरू झाल्या. थोड्या वेळात संपणारे भाषण व्यत्ययांमुळे लांबत गेले. ते थांबले नाहीत. निवडणूक रद्द ठरवा, अशी त्यांची मागणी होती.

10 जूनच्या दुपारी तिबेर नदीकाठच्या रस्त्यावरून त्यांना मोटारीत कोंबून पळवण्यात आले आणि ठार मारण्यात आले. मृतदेह सापडला तो 16 ऑगस्टला, रोमबाहेरच्या रानात. 3 जानेवारी 1925 रोजी मुसोलिनीने संसदेत उभे राहून घडल्या प्रकारांची राजकीय जबाबदारी आपली असल्याचे जाहीर केले आणि उघड हुकूमशाही सुरू झाली. 1926 च्या नोव्हेंबरमध्ये कम्युनिस्ट नेते आंतोनिओ ग्राम्शी पकडले गेले. तुराती फ्रान्सला निसटले आणि परत मायदेशी आले नाहीत. ग्राम्शींना 20 वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगवासाने खंगून 1937 मध्ये त्यांचा मृत्यू झाला.

जर्मनीतले नाव

‘पण हिटलरच्या पक्षाच्या नावातच समाजवाद होता ना?’ हा प्रश्न हटकून विचारला जातो. होता. फेब्रुवारी 1920 मध्ये म्युनिकला जाहीर झालेल्या पंचवीस कलमी कार्यक्रमात सार्वजनिक कामासाठी जमिनी विनामोबदला ताब्यात घेण्याचे कलमही होते. 1928 मध्ये हिटलरने खुलासा केला की पक्षाला खासगी मालमत्ता मान्य आहे आणि ते कलम मुख्यतः ज्यू जमीन-व्यापाऱ्यांविरुद्ध आहे. पक्षात समाजवादाचा शब्द मनावर घेणारा गटही होता. त्यातला ओटो स्ट्रासर 1930 मध्ये बाहेर पडला. त्याचा भाऊ ग्रेगोर 30 जून 1934 रोजी हिटलरच्या माणसांच्या हातून मारला गेला.

फेब्रुवारी 1933 मध्ये बड्या उद्योगपतींनी बर्लिनमध्ये हिटलरची भेट घेतली आणि निवडणुकीसाठी निधी दिला. मार्चमध्ये डाखाऊची छळछावणी उघडली. तिथले पहिले कैदी मुख्यतः कम्युनिस्ट आणि समाजवादी लोकशाहीवादी होते. 23 मार्चला हिटलरला निरंकुश अधिकार देणारा कायदा संसदेपुढे आला. सभागृहाभोवती आणि आत गणवेशातले नाझी. कम्युनिस्टांच्या 81 खासदारांना येऊच दिले नव्हते. 444 मते कायद्याच्या बाजूने पडली, 94 विरोधात. आणि ती सगळीच्या सगळी समाजवादी लोकशाहीवाद्यांची होती.

मग आला मे दिन. नाझी सरकारने त्याला भरपगारी सुट्टी दिली, बर्लिनच्या टेम्पेलहोफ मैदानावर प्रचंड सोहळा केला. कामगार संघटनांच्या महासंघाने सभासदांना त्यात सामील व्हायला सांगितले होते. आपण वाचू, अशी आशा होती. दुसऱ्या दिवशी, 2 मे रोजी सकाळी दहा वाजता, देशभरातल्या युनियन कचेऱ्यांत नाझी पथके शिरली. नेते कैद झाले, निधी आणि इमारती जप्त झाल्या.

साम्य कुठे खरे आहे

इतके सांगून समाजवादाला सरसकट निर्दोष ठरवणे अप्रामाणिकपणाचे होईल. एकपक्षीय राजवट, नेत्याची पूजा, गुप्त पोलीस, छावण्या, कह्यातली वृत्तपत्रे, ही हिटलरच्या जर्मनीची ओळख स्टालिनच्या रशियाचीही होती. तिथेही स्वतंत्र युनियनला आणि संपाला वाव नव्हता. 23 ऑगस्ट 1939 रोजी दोघांनी अनाक्रमण करार केला आणि पोलंड वाटून घेतला. ज्यांनी या दोन्ही राजवटी सोसल्या त्यांना तत्त्वज्ञानातले भेद समजावून सांगून काय उपयोग?

सरकारी मालकीचा मुद्दाही आहे. 1933 मध्ये इटलीतल्या मोठ्या बँका बुडायला आल्या तेव्हा मुसोलिनीच्या सरकारने ‘इरी’ ही संस्था काढून त्यांचे आणि त्यांच्या कंपन्यांचे भाग विकत घेतले. अर्थतज्ज्ञ फ्रीडरिख हायेक यांनी 1944 मध्ये लिहिले की सर्वंकष नियोजन अखेर हुकूमशाहीकडेच नेते आणि नाझीवादाची मुळे समाजवादात आहेत. हा इशारा गंभीरपणे घ्यावा असा आहे, पण नियम म्हणून तो टिकला नाही. ब्रिटनमध्ये 1945 नंतर मजूर पक्षाने बँक ऑफ इंग्लंड, कोळसा खाणी, रेल्वे यांचे राष्ट्रीयीकरण केले आणि 1951 मध्ये निवडणूक हरल्यावर तो मुकाट्याने पायउतार झाला. स्वीडनमध्ये समाजवादी लोकशाहीवादी चार दशकांहून अधिक काळ सत्तेत राहिले आणि 1976 मध्ये मतदारांनी नाकारल्यावर विरोधी बाकांवर जाऊन बसले. हुकूमशाही येते ती विरोधकाचा हक्क संपल्यामुळे. कारखाना कुणाच्या मालकीचा, हा त्यानंतरचा प्रश्न.

डाव्यांनी स्वतःही या गोंधळात भर घातली. 1928 पासून मॉस्कोच्या आदेशाने कम्युनिस्ट पक्ष समाजवादी लोकशाहीवाद्यांना ‘सामाजिक फॅसिस्ट’ म्हणत होते. नोव्हेंबर 1932 मध्ये बर्लिनच्या वाहतूक संपात तर कम्युनिस्ट आणि नाझी एका बाजूला उभे होते. त्याच महिन्यातल्या निवडणुकीत समाजवादी लोकशाहीवाद्यांना 121 आणि कम्युनिस्टांना 100 जागा मिळाल्या, नाझींना 196. दोघे मिळून पुढे होते, पण एकत्र आले नाहीत. फॅसिझम हा वेगळाच शत्रू आहे हे मॉस्कोने मान्य केले ते 1935 मध्ये, जर्मनी हातची गेल्यावर.

आपल्याकडेही हा वाद झाला. कम्युनिझम आणि फॅसिझम यांतून जगाला निवड करावी लागेल, असे जवाहरलाल नेहरूंनी 1933 मध्ये म्हटले. सुभाषचंद्र बोस यांनी 1935 च्या ‘द इंडियन स्ट्रगल’मध्ये त्याला उत्तर देत दोहोंच्या समन्वयाची कल्पना मांडली. 1938 मध्ये ब्रिटनमधले कम्युनिस्ट नेते रजनी पाम दत्त यांच्याशी बोलताना मात्र, आपली शब्दयोजना कदाचित योग्य नव्हती, असे त्यांनी सांगितले.

शेवटची कसोटी

सत्ता गमावून जर्मनीच्या आधाराने उत्तर इटलीत पुन्हा बसवलेल्या मुसोलिनीला शेवटी समाजवाद आठवला. फेब्रुवारी 1944 मध्ये त्याने कारखान्यांच्या ‘समाजीकरणा’चा कायदा केला. इटालियन कम्युनिस्ट पक्षाच्या संस्थापकांपैकी एक, निकोला बोम्बाच्ची, आता त्याच्या बाजूला होता. उत्तर महिन्याभरात मिळाले. मार्चमध्ये मिलान-तुरीनच्या पट्ट्यातल्या लाखो कामगारांनी संप केला, आणि संपकऱ्यांपैकी अनेकांना पकडून जर्मन छावण्यांत धाडण्यात आले.

वर्षभराने, 9 एप्रिल 1945 रोजी, युद्ध रोमान्यात पोहोचले होते. रावेनाच्या परिसरातल्या सेनिओ नदीच्या बांधावर मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई नामदेव जाधव यांनी गोळीबारातून दोन जखमी सोबत्यांना सुखरूप आणले आणि मग शत्रूची मशीनगन ठाणी बंद पाडली. त्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नगर जिल्ह्यातला हा तरुण मुसोलिनीच्या जन्मप्रांतात लढत होता. 28 एप्रिलला मुसोलिनी आणि बोम्बाच्ची दोघेही इटालियन प्रतिकार सैनिकांच्या गोळ्यांना बळी पडले.

फॅसिझम समाजवादाच्या घरात वाढलेल्या काही माणसांनी घडवला, आणि ते घर जाळूनच तो मोठा झाला. त्यांनी तिथून हत्यारे नेली, ध्येय नेले नाही. म्हणून कोणत्याही राजवटीला पक्षाच्या नावावरून किंवा जाहीरनाम्यावरून ओळखू नये. तिथल्या मजुराला स्वतःची युनियन काढून संप करता येतो का, विरोधी खासदार भाषण करून सुखरूप घरी पोहोचतो का आणि निवडणूक हरलेले सरकार खुर्ची सोडते का, हे तीन प्रश्न विचारावेत. 1926 नंतरच्या इटलीत तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असे होते. स्टालिनच्या रशियातही ते ‘नाही’च होते. जिथे हे उत्तर ‘नाही’ येते, तिथे झेंडा कोणत्या रंगाचा आहे हे पाहत बसू नये, सावध व्हावे.